नातवंडे शनिवार-रविवार शेतावर आली, तर त्यांना काय करू द्यावे?

पाणंद :

पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे आमची शेती आहे. रब्बीची ज्वारी, हरभरा, थंडीतला वाटाणा, अंजिराची बाग आणि घरापुरता भाजीपाला एवढा आमचा पसारा आहे. मुलगा आणि मुलगी दोघेही पुण्यात राहत असल्यामुळे नातवंडे अधूनमधून शनिवारी सकाळी येतात आणि रविवारी ऊन कलल्यावर परत जातात. थोरली नात चौथीत आहे, मधला नातू पहिलीत आहे आणि धाकटी नात अजून बालवाडीत जाते. या दीड-दोन दिवसांत मुलांना काय करू द्यावे याविषयी आमच्या घरात, तसेच आसपासच्या शेतांवर येणाऱ्या कुटुंबांतही बरेच मतभेद आहेत, म्हणून या चर्चामंचावरील आजी-आजोबांची आणि आई-वडिलांचीही मते जाणून घ्यावीत असे वाटले.

माझे मत आधी सांगते. शेतावर मुलांसाठी वेगळा कार्यक्रम आखू नये. त्या दिवशी शेतात जे काम चालू असेल त्यातला एखादा खरा भाग त्यांच्याकडे सोपवावा आणि बाकीचा वेळ त्यांचा त्यांना द्यावा. अलीकडे पाहुणे येणार म्हटले की बैलगाडीची फेरी, खेळांच्या स्पर्धा, बक्षिसे आणि या सर्वांची छायाचित्रे अशी तासातासाची आखणी होते. मुलांना त्यातही आनंद होतो, हे मी नाकारत नाही. परंतु एक गोष्ट पुरती हाताला येण्याआधी दुसरी सुरू होत असल्यामुळे ती कशातच खोल शिरत नाहीत आणि रविवारी दुपारी ‘आता काय करायचे’ असे विचारत मोठ्यांच्या मागे फिरू लागतात.

आमची अंजिराची बाग ठिबकवर आहे, पण घरामागच्या मेथी, कांदा आणि लसणाच्या वाफ्यांना आम्ही अजून पाटानेच पाणी देतो. वाफा भरत आला की त्याचे दार मातीने बंद करायचे आणि पुढच्या वाफ्याचे दार मोडायचे, एवढे काम नातवाकडे दिले होते. त्याला खोरे पेलत नाही, म्हणून त्याच्या हातात खुरपे होते. त्याने दारात कोरडी माती टाकली आणि ती पाण्याबरोबर वाहून गेली. त्याने पुन्हा टाकली, पुन्हा वाहून गेली. तिकडे वाफा काठोकाठ भरून पाणी वरंब्यावर चढू लागले, तेव्हा त्याने पाटातल्याच चिखलाचा गोळा उचलला, त्यात उपटलेले गवत कोंबले आणि तो दारात दाबून बसवला. पाणी थांबले. मी बांधावर उभी राहून पाहत होते, पण मुद्दाम काहीही बोलले नाही. त्यानंतर त्याने उरलेल्या सर्व वाफ्यांना पाणी दिले, आणि शेवटच्या वाफ्याकडे पाणी सावकाश का जाते, याचे कारण जमिनीचा उतार आहे, हे त्याने स्वतःच येऊन मला सांगितले. हे काम खोटे नव्हते, हे मला महत्त्वाचे वाटते. दार वेळेवर बंद झाले नसते, तर कांद्याची रोपे खरोखरच आडवी झाली असती, आणि हे त्यालाही कळत होते.

थोरलीकडे ज्वारीची राखण असते. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. पळसमैना या नावानेही ओळखले जाणारे हे पक्षी हिवाळ्यात मध्य आशियाकडून आपल्याकडे येतात आणि दाणा दुधाळ असताना कणसेच्या कणसे रिकामी करतात. पूर्वी राखणदार माळ्यावर उभा राहून गोफण फिरवीत असे. मुलांच्या हातात आम्ही गोफण देत नाही, पत्र्याचा डबा आणि काठी देतो. नातीच्या असे लक्षात आले की सकाळी ऊन पसरल्यावर आणि सायंकाळी सूर्य कलण्याआधी थवे येतात, तर मधल्या वेळात ते दूरच्या बाभळींवर बसून राहतात. त्यामुळे भर दुपारी डबा वाजविण्यात काही अर्थ नाही. हेच पक्षी नाकतोडे आणि टोळही मोठ्या प्रमाणावर खातात, हे मी तिला सांगितले, तेव्हा त्यांना हाकलावे की राहू द्यावे या प्रश्नावर ती बराच वेळ विचार करीत बसली होती.

उरलेल्या मोकळ्या वेळात मुले काय करतात हे मी दुरून पाहते. गोठ्याच्या वळचणीखालच्या भुसभुशीत मातीत मुंगीसिंहाचे नरसाळ्यासारखे खळगे असतात, त्यांत मुंगी घसरली की तळातला किडा माती उडवून तिला खाली ओढतो. धाकटी नात त्या खळग्यांजवळ पालथी पडून राहते. विहिरीवरच्या बाभळीखाली पडलेली सुगरणीची जुनी घरटी मुले गोळा करतात. एका घरट्याच्या आत वाळलेल्या मातीचे लेप सापडले, तेव्हा ते कशासाठी असतील यावर तिघांचा मोठा वाद झाला. वासराची खरखरीत जीभ हाताला लागली की होणारा आनंद तर मला शब्दांत सांगता येणार नाही. संध्याकाळी गोवऱ्यांची आगटी पेटते, गरम हुरडा तळहातावर चोळून मिळतो, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ असतो, आणि एरवी ताटावर बसून कंटाळणारी ही मुले मागून मागून खातात.

माझे प्रश्न असे आहेत : तुम्ही मुलांना किती मोकळे सोडता? कोणत्या गोष्टींना ठाम नकार देता? आणि पहिल्या दिवशी मातीला हात लावायलाही तयार नसलेल्या मुलांचे काय करता?

गोफण :

पाणंदताई, कामात खरा वाटा देण्याविषयी मी आपल्याशी पूर्णपणे सहमत आहे. मात्र ‘बाकीचा वेळ त्यांचा त्यांना द्यावा’ या वाक्यात थोडी भर घालावीशी वाटते. आमच्या पिढीला मोकळा वेळ मिळाला, तेव्हा आम्हाला खेळ आधीच येत होते, कारण ते थोरल्या भावंडांकडून आणि गल्लीतल्या मुलांकडून आपोआप मिळत गेले होते. आज एकट्यादुकट्या येणाऱ्या मुलाला वडाच्या झाडाखाली सोडले, तर सूरपारंब्या नावाचा खेळ असतो हे त्याला कोठून कळणार? म्हणून सुरुवातीला एकदा आजी-आजोबांनी खेळ शिकवावा, स्वतः राज्य घ्यावे आणि मग हळूच बाजूला व्हावे.

आमच्याकडे वडाखाली रिंगण आखतो. एकाने पायाखालून काठी लांब भिरकावायची, राज्य असलेल्याने ती आणून रिंगणात ठेवायची आणि तोपर्यंत बाकीच्यांनी झाडावर चढून जायचे. मग वरच्याला शिवायचे की रिंगणातली काठी राखायची, या दुहेरी पेचात राज्य घेणाऱ्याची जी धावपळ होते त्यातच खेळाची सगळी रंगत आहे. फांदी निवडताना ती ओली आहे की वठलेली हे ओळखायला मी प्रथम शिकवतो. सालीवर नख मारून पाहणे, पाय नेहमी फांदीच्या बुंध्याजवळ ठेवणे आणि एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवणे या तीन गोष्टी अंगवळणी पडेपर्यंत कोणीही पुरुषभर उंचीच्या वर चढायचे नाही, असा नियम आहे. शेवग्याच्या झाडावर मुलांना चढू देत नाही, कारण त्याचे लाकूड अतिशय ठिसूळ असते आणि फांदी पूर्वसूचना न देता मोडते. चिंच आणि आंबा त्या मानाने पुष्कळ विश्वासाचे आहेत.

दुसरी गोष्ट गावातल्या मुलांची. आमच्या शेजारच्या वस्तीवरची मुले शनिवारी आपण होऊन येतात. त्यांना आणि आमच्या नातवंडांना एकत्र खेळायला जागा व वेळ मिळाला की आम्हाला काहीही करावे लागत नाही. विटीदांडूत ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी मोजणी माझ्या नातवाला मी शिकवलेली नाही. ती त्याने त्या मुलांकडून उचलली. फक्त एका बाबतीत मी दक्ष असतो. गावातल्या मुलांनी बोरे पाडून द्यायची, झोका द्यायचा, चेंडू आणून द्यायचा, आणि शहरातून आलेल्यांनी खेळायचे, असे होऊ लागले तर मी लगेच थांबवतो. राज्य सर्वांवर यायलाच हवे, आणि खाऊ वाटला तर तो सर्वांना सारखाच.

तळेकाठ :

मी अहमदनगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधून लिहितो आहे. ठाम नकार कोणत्या गोष्टींना द्यावा असे पाणंदताईंनी विचारले आहे. माझ्या दृष्टीने पहिला नकार शेततळ्याला असला पाहिजे, आणि हा विषय मी थोडा विस्ताराने मांडतो, कारण शहरातून येणाऱ्या पालकांना त्यातला धोका डोळ्यांना दिसत नाही.

विहीर पाहिली की कोणीही मुलाचा हात धरतो. शेततळे मात्र शांत, उथळ आणि पोहण्याच्या तलावासारखे दिसते. प्रत्यक्षात ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेतले मोठे तळे ३० बाय ३० मीटर लांबी-रुंदीचे आणि ३ मीटर खोल असते, आणि कित्येकांनी स्वखर्चाने केलेली तळी याहूनही खोल आहेत. पाणी मुरू नये म्हणून त्यात जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्या तिरप्या कागदावर शेवाळ धरते. काठावरून पाय घसरला की माणूस सरळ खाली जातो आणि वर यायला त्याला हाताशी धरण्यासारखे काहीही मिळत नाही. चांगल्या पोहणाऱ्या प्रौढ माणसालाही त्या उतारावरून बाहेर पडता येत नाही. एकाला वाचवण्यासाठी दुसऱ्याने उडी घेतली आणि दोघेही बुडाले, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

म्हणून आमच्याकडे तळ्याभोवती जाळीचे पक्के कुंपण आहे, त्याच्या फाटकाला कुलूप असते आणि किल्ली घरात उंचावर ठेवलेली असते. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर काठावरच्या खांबांना बांधून पाण्यापर्यंत सोडलेले आहेत, आणि हवा भरलेली ट्रकची ट्यूब दोराला बांधून काठावर ठेवलेली आहे. मुलांना आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मोठ्यांनाही आम्ही सांगतो की कोणी पडले तर पाण्यात उडी घालायची नाही, दोर, काठी, साडी, धोतर जे हाताला लागेल ते फेकायचे आणि ओरडून माणसे गोळा करायची. ही शिकवणी मोठ्यांना जास्त आवश्यक असते, असा माझा अनुभव आहे.

विजेविषयी दोन वाक्ये. शेतीपंपाचा वीजपुरवठा कधी दिवसा, कधी रात्री येतो आणि अनेक ठिकाणी मोटार आपोआप सुरू होण्याची सोय केलेली असते, त्यामुळे बंद दिसणारी मोटार, तिची पेटी आणि ओल्या जमिनीवरून गेलेली केबल यांना मुलांनी कधीही हात लावू नये. तसेच रानडुकरांसाठी काही जण कुंपणात थेट वीज सोडतात. हे बेकायदेशीर आहे आणि प्राणघातकही आहे. मुलांना बांध ओलांडून दुसऱ्याच्या शेतात जाऊ देण्यापूर्वी शेजाऱ्यांकडे याची चौकशी अवश्य करावी.

माहेरवाशीण :

मी येथे आईच्या बाजूने लिहिते. माझा मुलगा पहिल्यांदा आजोळी शेतावर गेला, तेव्हा चिखलात पाय ठेवल्याबरोबर रडला होता आणि शेणाच्या वासाने त्याने नाक धरले होते. माझ्या आईने त्याला आग्रह केला नाही, आणि हसलीही नाही. तिने त्याला ओट्यावर बसवून तांब्याभर पाणी आणि मूठभर माती दिली. त्याने एका बोटाने सुरुवात केली. दुपारपर्यंत मातीचे बैल तयार होऊन उन्हात वाळत पडले होते, आणि त्यातल्या एकाला शिंगे म्हणून बाभळीचे काटे लावलेले होते. सासरच्या किंवा माहेरच्या वडीलधाऱ्यांनी ‘शहरातली पोरे नाजूक’ असे मुलांसमोर म्हणू नये, एवढीच माझी विनंती आहे. मुले ते शब्द लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी यायला नको म्हणतात.

कपड्यांच्या बाबतीत आई-वडिलांनीही उदार व्हायला हवे. नवे, पांढरे कपडे घालून मुलांना शेतावर पाठवायचे आणि मग डागांवरून रागवायचे, हे त्यांच्यावर अन्यायाचे आहे. आम्ही जुन्या कपड्यांची एक पिशवी कायमची आईकडेच ठेवली आहे.

बालवैद्य :

व्यवसायाने मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि माझी काही वर्षे ग्रामीण रुग्णालयात गेली आहेत. मुलांनी उघड्यावर खेळावे हे मी पालकांना सतत सांगत असतो. मुलांचा दूरच्या वस्तूंकडे पाहण्याचा वेळ आणि अंगावर येणारा सूर्यप्रकाश कमी झाला की चष्म्याचे प्रमाण वाढते. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास उघड्यावर घालवायला लावण्याचा कार्यक्रम राबवला आणि तेथील मुलांमधील लघुदृष्टीची वाढ रोखण्यात त्याचा उपयोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे घाम येईल असा व्यायाम करायला हवा. शेतावर ही मर्यादा सकाळीच ओलांडली जाते. शनिवार-रविवारच्या भेटीने आठवड्याची उणीव भरून निघत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे; शहरातही रोजचा खेळ हवाच.

आता काळजीच्या गोष्टी. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप मुख्यतः दंशाला कारणीभूत असतात. मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही, म्हणून मुलांची अंथरुणे जमिनीवर घालू नयेत. खाट असावी आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली असावी. दिवसा झाडलेल्या अंगणात अनवाणी फिरायला हरकत नाही, परंतु अंधार पडल्यावर पायांत बूट आणि हातात विजेरी असल्याशिवाय कोणीही बाहेर पडू नये. कडब्याची गंज, विटांचा ढीग आणि गोवऱ्यांचा हुडवा यांत मुलांनी हात घालू नये. साप चावल्यास चिरा देणे, रक्त चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही करू नये. मुलाला धीर द्यावा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने सरळ रुग्णालय गाठावे. प्रतिसर्पविष असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, ही चौकशी भेटीच्या आधीच करून ठेवावी.

लाल विंचवाचा दंश लहान मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक धोकादायक असतो. त्यावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले, आणि त्यामुळे एकेकाळी अनेकांचे प्राण घेणारा हा दंश आज वेळेवर उपचार मिळाल्यास बहुधा बरा होतो. परंतु त्यासाठी वेळ दवडता कामा नये. पायात घालण्यापूर्वी बूट उलटे करून झटकण्याची सवय मुलांना लावावी.

ज्या गोष्टीबद्दल पालक सहसा विचारत नाहीत ती मी मुद्दाम सांगतो. बांधावर कुंपण म्हणून लावलेल्या मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, आणि त्या खाल्ल्यामुळे मुलांना उलट्या-जुलाब होऊन गटागटाने रुग्णालयात आणल्याचे प्रकार आपल्या राज्यात वारंवार घडतात. गुंजा दिसायला फार सुंदर असतात, पण त्यांचे बी विषारी आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहावे आणि डॉक्टरांना दाखवावे. अंजिराच्या चिकानेही नाजूक त्वचेला खाज सुटते, तेव्हा पाणंदताईंनी बागेत मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. आणि कीटकनाशक कधीही शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवू नये. तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते. ज्या बागेत नुकतीच फवारणी झाली आहे तेथे मुलांना नेऊ नये आणि झाडावरचे फळ तोडून तसेच खाऊ देऊ नये.

जुन्नरी :

आमच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात वरील यादीत बिबट्याची भर घालावी लागते. उसाच्या दाट फडात बिबट्या राहतो, तेथेच पिल्ले वाढवतो, आणि लहान मुलांवर हल्ले झालेले आहेत. त्यामुळे आमच्याकडे नातवंडे दिवसभर मनसोक्त खेळतात, पण उसाच्या कडेला खेळत नाहीत, आणि ऊन कलू लागले की सर्व खेळ घरासमोरच्या उजेडातल्या अंगणात येतात. लहान मुलांनी एकटे शौचालयालाही जायचे नाही, मोठे माणूस बरोबर हवे. बिबट्या दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

हे सांगताना मुलांच्या मनात बिबट्याविषयी द्वेष राहू नये असेही मला वाटते. आमच्या भागात माणिकडोह येथे बिबट निवारण केंद्र आहे. जखमी झालेल्या आणि विहिरीत पडलेल्या बिबट्यांना बाहेर काढून तेथे सांभाळले जाते, हे मी नातवंडांना सांगतो. नियम पाळायचा आणि प्राण्याचा आदरही राखायचा, या दोन्ही गोष्टी मुलांना एकाच वेळी समजतात.

कुरण :

निवृत्त शिक्षिका म्हणून एक मुद्दा मांडते. धाग्यात मुलांनी शेतावर काय शिकावे याचा उल्लेख वारंवार येतो आहे, आणि त्यातून एक धोका संभवतो. वाफ्याचे दार बंद करणाऱ्या मुलाला तेथेच थांबवून ‘सांग बरे, पाणी खालच्या बाजूलाच का वाहते?’ असे विचारले की त्याचे काम तुटते. पाणंदताई बांधावर गप्प उभ्या राहिल्या, ही मला त्यांच्या लेखनातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. मूल स्वतः येऊन सांगेल तेव्हा ऐकावे, विचारेल तेव्हा उत्तर द्यावे.

आपल्याकडे याची फार चांगली परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी तेथे आयुष्य वेचले. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून या दोघींनी शाळाच गुरांमागे कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. पाने, बिया, शिंपले, खडे हीच तेथली साधने होती. मुलांचे काम न थांबवता त्या कामाच्या आसपास शिक्षण कसे बसवावे, याचा इतका विचारपूर्वक केलेला प्रयोग आपल्याच राज्यात होऊन गेला, आणि नातवंडांना शेतावर बोलावणाऱ्या आजी-आजोबांना त्यातून पुष्कळ घेता येण्यासारखे आहे. मी माझ्या नातीला चिंचोके, सागरगोटे, बाभळीच्या शेंगा आणि पळसाची पाने एका टोपलीत ठेवून देते आणि त्यांचे काय करायचे हे सांगत नाही. मागच्या वेळी तिने त्यांतून दुकान मांडले होते.

दादरकर आजोबा :

आमच्याकडे शेत नाही, आणि मुंबईतल्या बहुतेक आजी-आजोबांची हीच स्थिती आहे. आम्ही नातवंडांना कृषी पर्यटन केंद्रावर नेतो. राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आल्यापासून नोंदणीकृत केंद्रे शोधणे सोपे झाले आहे. वरील चर्चा वाचून मला असे वाटते की आरक्षण करताना आपण जेवणाची आणि खोलीची चौकशी करतो, त्याऐवजी पहिला प्रश्न ‘तेथे खरोखर शेती होते का, आणि त्या दिवशी कोणते काम चालू असेल?’ हा विचारावा. एका केंद्राच्या मालकांनी आमच्या नातवाला भुईमुगाच्या काढणीत दिवसभर सामावून घेतले होते. दुसऱ्या ठिकाणी मात्र हिरवळ, घसरगुंडी आणि मोठ्या आवाजातले संगीत होते, आणि एकही पीक उभे नव्हते. तळ्याला कुंपण आहे का, हे आता फोनवरच विचारीन.

पाणंद :

सर्वांचे मनापासून आभार. गोफणदादांचा मुद्दा मला पटला. आमच्या वस्तीवर मुले आहेत, पण ती संकोचाने दूर उभी राहतात. येत्या शनिवारी त्यांना आपण होऊन बोलावीन आणि आमच्या थोरलीला भोरड्यांच्या राखणीत त्यांच्यातलीच कोणी जोडीदार मिळेल असे पाहीन. कुरणताई, टोपलीची कल्पना धाकटीसाठी अगदी योग्य आहे. डॉक्टरांनी सांगितलेला मोगली एरंड आमच्या खालच्या बांधावर आहेच. त्याच्या शेंगा मुले येण्यापूर्वी तोडून पुरून टाकायच्या की झाडच काढायचे, यावर घरात बोलणे चालू आहे.

तळेकाठदादा, आमच्याकडे शेततळे नाही, पण विहीर आहे आणि तिचा कठडा माझ्या कमरेपर्यंतही येत नाही. मुले घरटी गोळा करायला त्याच बाभळीखाली जातात. त्यांची ती जागा बंद करू नये असे मला वाटते. यावर काही मार्ग आहे का?

तळेकाठ :

पाणंदताई, कठडा निदान मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत बांधून घ्या आणि त्याला बाहेरच्या बाजूने पायरी किंवा खाच मुळीच ठेवू नका, नाहीतर मुले त्यावर पाय देऊन चढतात. कठड्याला टेकून दगड, ओंडका किंवा पाइपचे भेंडोळे ठेवण्याची सवय असते, तीही जागा मोकळी करा. वरून लोखंडी सळ्यांची जाळी बसवता येते; मोटार वर काढण्यापुरता एक भाग उघडता येईल असा ठेवून त्याला कुलूप लावतात. हे सर्व गावातला गवंडी आणि वेल्डिंगवाला मिळून करून देतात. ते होईपर्यंत बाभळीच्या विहिरीकडील बाजूला चुन्याची जाड रेघ आखा, मुलांना सोबत नेऊन ती दाखवा, आणि घरटी गोळा करायला जाताना एक मोठे माणूस रेघेच्या विहिरीकडील बाजूला बसून राहील असे ठरवा. त्याने तेथे शेंगा सोलाव्यात, मेथी निवडावी, काहीही करावे, मुलांकडे सारखे पाहत बसू नये. पण ती जागा सोडू नये.